फक्त दोरा बदलून दे

कुठलंही काम पहिल्याच फटक्यात नीट जमू नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जमलं तर हरकत नाही, तोवर माणूस जरा जमिनीवर आलेला असतो. माझं नेमकं पहिल्याच वेळी जमलं.

बायकोच्या कानातल्याचा जांभळा खडा निखळला होता. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस लागतील म्हणून सांगितलं. मी म्हटलं, त्यात आठ दिवस लावण्यासारखं काय आहे? दोन थेंब गोंद, दात कोरायची काडी, आणि खडा बसेपर्यंत श्वास रोखून धरणं, एवढंच तर काम. झालं. बायकोने आरशात मान इकडून तिकडून वळवून पाहिली आणि म्हणाली, "अहो, कळतसुद्धा नाही!"

विमा कंपनीच्या नुकसानभरपाई खात्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे वाक्य कुणी म्हणत नाही. तिथे लोक जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे बायकोचं ते वाक्य मला थोडं जास्तच चढलं. आज ती म्हणते, त्या दिवशी मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. मलाही तसंच वाटतं. आमचं एकमत व्हायला एवढं सगळं घडावं लागलं.

आठवड्याभरात घरात तीन पकडी आल्या: एक टोकदार तोंडाची, एक चपट्या तोंडाची आणि एक गोल तोंडाची.

"तीन कशाला? एकीने भागत नाही?" बायकोने विचारलं.

"प्रत्येक तोंडाचं काम वेगळं असतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हो, ते दिसतंच आहे," म्हणाली आणि कामाला निघून गेली.

पकडींमागून तांब्याची तार आली, कड्या आल्या, आकडे आले, मण्यांच्या अठ्ठावीस कप्प्यांची पेटी आली. हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं गेलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. मण्यांचा एक स्वभाव तुम्हाला सांगून ठेवतो. हातातून सुटलेला मणी कधीही पायाशी पडत नाही. भरल्या घरातली अशी एक जागा तो बरोबर हुडकतो, जिथे पोहोचायला साठीच्या माणसाला जमिनीवर पालथं झोपावं लागतं. कपाटाखाली पालथा पडून मी घरातल्या इतक्या हरवलेल्या वस्तू शोधून काढल्या की सुरुवातीला बायकोला या छंदाचा फायदाच वाटला. मग एके दिवशी जेवताना तिने घास चावला, कर्रकन आवाज झाला, आणि दाढेत भरलेलं सिमेंट आणि तामडीचा एक लाल मणी असे दोन्ही तिच्या तळहातावर आले.

शेजारच्या ब्लॉकमध्ये दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी दाढ भरली, पण त्यांचं लक्ष सगळं त्या मण्याकडे. भिंगाखाली धरून म्हणाले, "भोक सुंदर आहे हो. हे पाडतात कशाने?"

"विकत येतात तेव्हाच भोक असतं," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही नुसते ओवता?"

नुसते! हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण मी तो घरी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतःच दार वाजवून आले. हातात त्यांचं जुनं, पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र. "पडूनच होतं. दाताला आणि दगडाला एकच नियम. पाणी सोडत राहायचं. कोरडं चालवलंत की तडा गेलाच समजा." मग त्यांनी मला एक तास शिकवलं. शिकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो रोग्यांच्या तोंडात वाकताना मी कधी पाहिला नव्हता. बहुधा दगड ओरडत नाही म्हणून असेल.

आता भोक पाडायचं तर भोक नसलेले खडे हवेत. ते दूरच्या एका शहरातून टपालाने मागवावे लागत. मागवले. पार्सल आलं, पण घरी आलं नाही. पार्सल कचेरीत अडकून पडलं आणि मला कागद आला की स्वतः येऊन ओळख पटवावी. कुणाची, माझी की दगडांची, ते लिहिलेलं नव्हतं.

चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?"

"खडे आहेत."

"खडे म्हणजे दगड? बांधकामाचं सामान नऊ नंबरला."

"बांधकामाचे नाहीत हो. मौल्यवान आहेत."

"मग मौल्यवान वस्तू सहा नंबरला. पण तिथे किमतीचा दाखला लागतो."

"तसे फार मौल्यवान नाहीत. अर्धमौल्यवान म्हणतात त्यांना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अर्ध म्हणजे? निम्मे मौल्यवान आणि निम्मे साधे असं आहे का? मग तुम्हाला दोन अर्ज भरावे लागतील."

मी स्वतः एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेलो. समोरच्या माणसाला दोन अर्ज भरायला लावताना किती शांत वाटतं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. उलट त्यांच्या कामाची पद्धत पाहून घराची आठवण यावी तसं झालं. शेवटी ठरलं ते असं, की आतला माल म्हणजे खडेच आहेत, असा दाखला एखाद्या जाणकाराने शिक्का मारून द्यावा. आमच्या ओळखीत शिक्का असलेला जाणकार एकच. दातांच्या डॉक्टरांनी हौसेने दाखला लिहून दिला आणि खाली शिक्का मारला. बाईंनी शिक्का वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण शिक्का गोल होता आणि गोल शिक्क्याला त्या कचेरीत मान असावा. पार्सल माझ्यासमोर फोडण्यात आलं. आतून बटाट्याएवढे, बटाट्याच्याच रंगाचे सात दगड निघाले.

"यासाठी तुम्ही चार खेपा घातल्या?" बाईंच्या आवाजात खरीखुरी माया होती. ती मला फार लागली.

ते बटाटे घासायला मी सहाण बसवलेलं एक विजेचं चाक आणलं. चाकावर पाणी सोडायचं, यंत्र पायाने दाबायचं, आणि दगडाला आकार द्यायचा. पाण्याचं काय होतं, हा विचार डॉक्टरांनीही केला नाही आणि मीही नाही. पाण्याने मात्र केला. ते फरशीच्या सांध्यांतून खाली गेलं आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या छतावर एक मोठा, पिवळट, कडा उमटलेला डाग होऊन बसलं. पण पाण्यापेक्षा आवाज वाईट. इमारतीतले निम्मे लोक डॉक्टरांचे रोगी. त्या यंत्राचा सूं सुरू झाला की लोकांचे हात आपोआप गालाकडे जात. खालून नोटीस आली: तिसऱ्या मजल्यावर सुरू असलेलं खाणकाम त्वरित बंद करावं.

खाणकाम! मी तीन पानी उत्तर लिहायला घेतलं. दुसऱ्या पानावर असताना सेक्रेटरी स्वतःच वर आले, गालावर हात ठेवून. त्यांना बसवून, पाणी देऊन, बायकोने परस्पर तह करून टाकला: चाक बंद, यंत्र फक्त दुपारी अर्धा तास, आणि त्यांच्या मिसेससाठी माझ्या हातचं एक कडं.

कडं चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. हिरवे खडे, तांब्याची गुंफण. आठ दिवसांनी त्यांच्या मिसेसचं मनगटही हिरवं झालं. तांब्याने होतं तसं, साबणाने जातं. पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही माहीत नव्हतं. त्यांच्या रक्ताच्या चार तपासण्या झाल्या. सगळे रिपोर्ट उत्तम आले, तेव्हा ते लोक जास्तच घाबरले.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मला वाटतं मीही थांबलो असतो. पण त्याच आठवड्यात ताई आली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बसने दोन थांब्यांवर मुलाकडे राहते. मेहुणे जाऊन चार वर्षं झाली. पूल बांधणाऱ्या खात्यात होते, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य लांबच्या नद्यांवर गेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अशाच एका डोंगराळ मुलखातून त्यांनी ताईसाठी फिरोज्याची निळी माळ आणली होती. आकाशाचा तुकडा तोडून आणल्यासारखा रंग. ताई ती अंघोळीपुरती काढायची, एरवी गळ्यातून खाली नाही. तिचा दोरा आता झिजून केसाएवढा झाला होता.

माळ रुमालात बांधून तिने माझ्यापुढे ठेवली. "फक्त दोरा बदलून दे. दुकानात द्यायला मन होत नाही."

"देतो की. जरा साफ करून, नीट..."

"साफ नको. काहीच नको. फक्त दोरा बदलून दे."

दोनदा म्हणाली. मला दोन्ही वेळा नीट ऐकू आलं. ऐकू आलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर आज मला बरं वाटलं असतं.

सकाळच्या उजेडात खिडकीशी बसून मी दोरा कापला. चोपन्न मणी. एक मोठा, एक लहान, एक भोपळ्यासारखा चेपलेला, भोकं तिरकी, सांध्यात वर्षानुवर्षांचा काळपट थर. मला मेहुण्यांची कीवच आली. माणूस चांगला होता, पण पारख नव्हती. मी ठरवलं, ताईला थक्क करायचं. माझ्याकडे खड्यांच्या निगेची एक पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खडे भिजवावेत. हे मऊ खड्यांना चालत नाही, हे पुढच्या पानावर होतं, आणि ते पान माझ्याच गोंदाने आधीच्या पानाला चिकटलेलं होतं.

थोड्या वेळाने पाणी निळं झालं. चौतीस वर्षांचा मळ निळा असू शकतो का, असा प्रश्न मला पडला. पण मी त्याला फार वेळ पडू दिला नाही. मणी बाहेर काढले, जरा फिके वाटले. मी म्हटलं, उजळले. मग तो भोपळा घेतला आणि इतरांसारखा गोल करावा म्हणून, तहातलं दुपारचं अर्ध्या तासाचं कलम वापरून, यंत्राला लावला.

निळ्याखाली पांढरं निघालं. खडूसारखं.

मला वाटलं, हा एकच मणी तसला असेल. म्हणून दुसरा पाहिला. तोही पांढरा. मग तिसरा. अशी खात्री करता करता एकोणीस मणी झाले. माझी खात्री पटायला नेहमीच वेळ लागतो. खात्यात माझं त्याबद्दल कौतुक होतं.

बायको येऊन मागे उभी राहिली होती. "हे काय?"

"पांढरे झालेत."

"झालेत की केलेत?"

मी एक मणी खिशात घालून खडेवाल्याच्या दुकानात गेलो. त्याने तो बोटांत फिरवला, नखाने खरवडला आणि परत माझ्या हातावर ठेवला. "साधा पांढरा दगड आहे, वरून रंग चढवलेला. फिरोजा म्हणून विकतात."

"पण ही माळ चौतीस वर्षांपूर्वीची आहे."

"मग काय झालं? लोक चौतीस वर्षांपूर्वीही विकतच होते."

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मला आनंद झाला. माझ्या खात्यात एक साधा हिशोब होता: वस्तूचं नुकसान आपल्याकडून झालं हे नाकारता येत नसेल, तर वस्तू मुळातच कवडीमोलाची होती हे दाखवून द्यायचं. मग समोरचा माणूस फार बोलत नाही. मी एकतीस वर्षं लोकांच्या जळलेल्या घरांबद्दल आणि बुडालेल्या दुकानांबद्दल अशी पत्रं लिहिली होती. ताईच्या माळेचं पत्र माझ्या डोक्यात बसथांब्यावर पोहोचेपर्यंत तयार झालं.

बायकोने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं. "ताईंना एवढंच सांगा, की माझ्याकडून खराब झाली, मला माफ कर. त्यापुढे एक अक्षर बोलू नका. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"की एक अक्षर बोलायचं नाही."

रविवारी सकाळी मी डबी घेऊन ताईकडे गेलो. भाचा आणि सूनबाई दोघंही घरी होती. ताईने पुढे होऊन डबी घेतली आणि उघडली. आत काही मणी फिके, काही निम्मे पांढरे, काही पूर्ण पांढरे, असे सुटेच पडले होते. दोरा बदलायचा तेवढा राहिलाच होता.

"मामा, हे काय करून ठेवलंत?" भाचा म्हणाला.

त्याने तो सूर लावला नसता तर मी गप्प राहिलो असतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण ते खरं नाही. पत्र तयार होतं. ते मी वाचलंच असतं.

"आधी पूर्ण ऐकून घे," मी म्हणालो. "हे फिरोजे नव्हतेच मुळी. साधा दगड, रंगवलेला. हा बघ. मी खडेवाल्याला दाखवून आलोय. मेहुण्यांना त्या वेळी कुणीतरी सरळ टोपी घातली होती." मग मी दहा मिनिटं बोललो. रंग कसा चढवतात, कसा उतरतो, सगळं पुराव्यानिशी. मधे एकदा हसलोसुद्धा.

भाच्याने मणी हातात घेऊन पाहिला आणि त्याचा राग बघता बघता उतरला. "बाबा पण ना!" तो म्हणाला. "कुणीही यावं आणि फसवून जावं. तुला आठवतं आई, ते घड्याळ? दोन दिवसांत बंद पडलं होतं, आणि बाबा म्हणायचे, परदेशी आहे, त्याला आपली हवा मानवत नाही." सूनबाई हसली. मग ती गळकी छत्री निघाली, तो सेकंडहॅन्ड रेडिओ निघाला. मीही एक-दोन गोष्टींची भर घातली. वातावरण एकदम मोकळं झालं. मला वाटलं, दावा निकाली निघाला.

ताईने डबी मिटली आणि चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. "मला माहीत होतं," म्हणाली.

"काय?"

"की खोटे आहेत. माळ आणल्यावर वर्षभरातच एक मणी फुटला, तो बदलायला मी गेले होते. तेव्हाच दुकानदाराने सांगितलं."

"मग मेहुण्यांना...?"

"यांना नाही कळू दिलं." तिने गॅस बारीक केला. "तीन दिवसांचा प्रवास करून आणली होती रे. चोरीला जाईल म्हणून बनियनच्या आत शिवलेल्या खिशात. घरी आले तेव्हा छातीवर मण्यांचे वळ उठले होते. कुणीही आलं की सांगायचे, खरा फिरोजा ओळखायचा कसा माहीत आहे का? आणि मग माझ्याकडे बोट. मी मान पुढे करून बसायची. अंघोळीला काढून ठेवायची ती रंग जाईल म्हणून. घामाने फिका पडला, तर दोनदा मीच बाहेरून चढवून आणला. चौतीस वर्षं, कुणाला म्हणजे कुणाला कळलं नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"हे गेले तेव्हा वाटलं, चला, निभावलं. आता कुणाला कळायचं कारण नाही. आणि तू मुलासमोर..." तिने वाक्य तिथेच सोडलं. ती रडली नाही. ती रडली असती तर मला काय करायचं ते सुचलं असतं. तिने साखरेचा डबा पुढे ओढला. "साखर किती घेतोस हल्ली?"

मी चहा पिताना चेहरा कसा करतो, हेसुद्धा ज्या बहिणीला पाठ, तिने मला पाहुण्यासारखं विचारलं. मी म्हणालो, एक चमचा. मी दीड घेतो.

घरी आल्यावर बायकोने फक्त एवढंच विचारलं, "बोललात ना?" मी मान डोलावली. तिने टेबलावरची पेटी उचलून पलंगाखाली सरकवली आणि त्या दिवशी आम्ही कितीतरी दिवसांनी टेबलावर जेवलो. समोरासमोर बसून जेवणं इतकं अवघड असतं हे मी विसरून गेलो होतो. यंत्र मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना परत केलं. "का हो? तडा गेला का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो."

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. पण गोष्ट सांगायला मजेदार होती आणि भाच्याला गोष्टी रंगवून सांगता येतात. ते त्याने बापाकडून घेतलंय. चौथ्या दिवशी चुलतभावाचा फोन आला, हॅलोच्या आधी हसू. "काय रे, मेहुण्यांचे फिरोजे म्हणे! अरे, तो माणूस पूल कसे बांधायचा?" सहाव्या दिवशी मावशीचा. तिने तर सांगितलं की आता घरात कुणी नासका माल घेऊन आलं की मुलं म्हणतात, फिरोजा आणला! मी फोन ठेवला आणि बराच वेळ हातात रिसीव्हर असल्यासारखा बसून राहिलो. पुलांखालून चाळीस वर्षं पाणी नीट वाहत होतं, त्याबद्दल त्या माणसाला कुणी फोन केला नव्हता.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा ताईकडे गेलो. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पुन्हा वचन घेतलं असतं आणि माझ्या वचनांवर माझाच विश्वास उरला नव्हता. भाचा नुकताच कामावरून आला होता. ताई आतल्या खोलीच्या दारात कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एक सांगायचं होतं," मी भाच्याला म्हणालो. "त्या माळेचं. ते फिरोजे खरे होते."

"काय?"

"खरे होते. मी व्हिनेगरमध्ये टाकले. ते टाकायचे नसतात. त्याने आतला रंग गेला आणि पांढरे पडले. मला कळत नव्हतं."

"पण खडेवाला?"

"खडेवाल्याकडे मी गेलोच नव्हतो."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. खात्यात बोलायची वेळ आली तरी आम्ही ते लेखी बोलायचो. भाचा माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले. रागावले की मेहुण्यांचेही तसेच व्हायचे.

"म्हणजे," तो एकेक शब्द सावकाश म्हणाला, "स्वतःची चूक झाकायला तुम्ही माझ्या बाबांना मूर्ख ठरवलंत?"

मी इतका वेळ खोटं बोलत होतो, आणि त्यावर त्याने विचारलेल्या त्या एका प्रश्नात एकही शब्द चुकीचा नव्हता.

"हो," मी म्हणालो.

"आणि मी वेड्यासारखा गावभर सांगत सुटलो." तो उठला, दोन येरझाऱ्या घातल्या, परत बसला. "आठ दिवस मी त्यांच्यावर हसतोय, मामा. त्यांचा फोटो आहे त्या भिंतीवर, त्याच्यासमोर बसून." मग तो दाराकडे वळला. "आई, तुला कधी शंका आली होती? हे खोटे असतील म्हणून?"

ताईच्या हातात उशीचा अभ्रा होता. तिने तो झटकला, चौपदरी केला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. माफी होती असं मी म्हणणार नाही.

"छे," ती म्हणाली. "खरेच होते. तुझ्या बाबांना दगडातलं चांगलं कळायचं. याला काही कळत नाही."

"नाही कळत," मी म्हटलं.

भाच्याने तिथेच फोन उचलला. माझ्यासमोर चुलतभावाला लावला, मग मावशीला, मग आणखी कुणाला. दर वेळी तेच: बाबांचे फिरोजे अस्सल होते, मामांनी व्हिनेगरमध्ये उकडले. उकडले हा शब्द दुसऱ्या फोनपासून आला. तिसऱ्या फोनला मी त्यात मीठही घातलं होतं. मी बसून ऐकत होतो. उठून जाणं बरं दिसलं नसतं. ताई घड्या घालत होती आणि मधेच तिचा हात गळ्याशी जात होता, तिथे काही नाही हे लक्षात येऊन परत खाली येत होता. मला ते बघवेना, म्हणून मी निघालो.

"येतो, ताई."

"ये," ती म्हणाली. दारापर्यंत आली नाही.

मी जिना उतरायला लागलो. वर दार उघडंच होतं आणि भाच्याचा पुढचा फोन लागला होता. पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलं असावं, कारण भाचाही हसला. आठ दिवसांपूर्वी बापाला हसला होता अगदी तसाच, फक्त आता नाव माझं होतं. मी कठड्याला धरून एकेक पायरी सावकाश उतरत गेलो, सगळं ऐकू येईल इतक्या सावकाश.